सरसाची रेघ

आबा,

तुमच्या बंदुकीच्या दस्त्याला काल दुपारी गोंद लावला. उद्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी रज्जाकचाचांची सक्त ताकीद आहे. मला हात लावल्याशिवाय राहवत नाही, हे त्यांनी या आठवड्यात चांगलंच ओळखलंय. मघाशी जेवायला घरी जाताना त्यांनी मापं लिहायची वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "काय तरी लिवत बस. पर त्याच्याकडं बगू नगंस." मग म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्ही पलटणीत होतात तेव्हा पत्रं आई लिहायची आणि मी खाली नुसतं नाव घालायचो. तुम्हाला एक अख्खं पत्र लिहायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

रज्जाकचाचांचं नाव वाचून तुम्ही मान फिरवली असणार. फिरवा खुशाल! एकतीस वर्षं फिरवलीत, अजून घटकाभर फिरवा. पण मी बसलोय ते त्यांच्याच दुकानात, साताऱ्यात, तुम्ही पूर्वी ज्या बुटक्या स्टुलावर बसायचात त्याच स्टुलावर. त्याचा एक पाय अजून आखूडच आहे. सुताराच्या दुकानातलं स्टूल कधी नीट नसतं, असं तुम्हीच हसून म्हणायचात ना?

परवा खंडेनवमी. गेल्या वर्षी तुम्हाला जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात सण नव्हता. बंदूकही घरात नव्हती. तुम्ही गेल्यावर नियमाप्रमाणे ती ठाण्यात जमा केली आणि परवाना माझ्या नावावर होईपर्यंत कामावर रजा टाकून कुपवाड ते सातारा इतक्या चकरा मारल्या की कलेक्टर कचेरीतला शिपाईसुद्धा मला "आलास व्हय" म्हणायला लागला. शेवटी गेल्या महिन्यात ती घरी आली. देताना ठाण्यातल्या हवालदारानं दस्त्याच्या मानेवर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेवरून बोट फिरवलं आणि बजावलं, "हे नीट करून घ्या. असा बार काढू नका."

बार मला काढायचाच नाही, आबा. डुकरांसाठी आता शेताला झटका मशीनची तार आहे. तुम्हीच ती बसवली आणि मग रोज सकाळी तिला शिव्या घातल्यात. तरी मी परवाना सोडला नाही. लोकांना वाटलं, बापाची आठवण म्हणून ठेवतोय. आईलाही तसंच वाटलं. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तेच आज सांगायचंय.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकत होतो आणि दोन रंदे मारता आले म्हणून स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुम्ही झेंडू आणायला बाजारात गेलात. जाताना मला सांगून गेलात, बंदूक खाली काढ, पूस आणि दस्त्याला जवसाचं तेल लाव. मी आधी हात तेलात बुडवले आणि मग बंदूक खुंटीवरून काढली. ती सुळकन निसटली आणि अंगणातल्या दगडी पायरीवर आपटली. दस्त्याची मान, जिथं तुमची मूठ बसायची तिथंच, तिरकी तडकली.

आई मागच्या दारी होती. कुणी बघितलं नव्हतं. मी आयटीआयच्या पिशवीतून पांढऱ्या गोंदाची बाटली काढली, फटीत गोंद भरला, सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली आणि बंदूक धान्याच्या पोत्यांमागं उभी केली. तुम्ही आलात तेव्हा सांगितलं, तेल मुरू देतोय. सकाळी पट्टी सोडून वरून तेलाचा हात फिरवला. फट दिसेना. तुम्ही पूजेत गंधाचं बोट नेमकं तिथंच टेकवलंत आणि मी खाली माझ्या पायांकडं बघत उभा होतो.

महिन्याच्या आत भुईमुगात डुकरं आली. तुम्ही बांधावरून बार काढलात आणि दस्ता तुमच्या मुठीत उघडला. अंगठ्याजवळची कातडी सोलून निघाली. घरी आलात, हाताला फडकं बांधलंत, दस्ता उलटासुलटा करून पाहिलात आणि इतकंच म्हणालात, "रज्जाकनं काम कच्चं केलं."

त्याच पावसाळ्यात चाचांनी दस्त्याच्या बुडाची पट्टी बदलून दिली होती. मला वाटलं, तुम्ही त्याबद्दल बोलताय. त्यांनी स्क्रू जास्त आवळला आणि लाकूड फाटलं, असं तुमच्या मनानं घेतलं असणार. माझी सुटका झाली होती! मी तोंडातून ब्र काढला नाही. तुम्ही तार गुंडाळलीत, सातारला जाऊन आलात आणि त्यानंतर चाचांच्या दुकानाची पायरी कधी चढला नाहीत. तोवर दर आठवड्याच्या बाजाराला तुमची त्यांच्याकडे बैठक असायची. घरी येताना तुमच्या शर्टाला लाकडाचा भुसा आणि विडीचा वास यायचा, तो बंद झाला. आई दोन-तीनदा विचारून दमली.

तेव्हा सांगायला काय झालं होतं मला? तुम्ही फार तर एक कानाखाली दिली असती. तेवढ्यासाठी मी तुमचा एकुलता एक मित्र घालवला. पुढे दर खंडेनवमीला तुम्ही त्या तारेवर झेंडूची माळ घालून तार झाकायचात, आणि दर वर्षी मी ठरवायचो, आज सांगू. मग भाऊकी जमायची, जेवणं व्हायची आणि मला सांगलीची एसटी गाठायची असायची.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात, तुम्ही एकदा डोळे न उघडताच विचारलंत, "रज्जाक हाय का रं अजून?" मी म्हणालो, असतील, आणि तुम्हाला मोसंबीचा रस हवा का म्हणून विचारलं. आबा, त्या रसाची मला अजून लाज वाटते. तुम्ही दार उघडून धरलं होतंत आणि मी रस विचारला.

तर गेल्या महिन्यात बंदूक आली. मी नुसता दस्ता सोडवून टॉवेलात गुंडाळला आणि कुपवाडला घेऊन गेलो. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, गदा हाय का? मी हो म्हणालो. तुम्ही गावात सांगायचात, पोरगं कुपवाडला लाकडाची खेळणी करतंय. खेळणी नव्हेत ती, ओतकामाचे साचे असतात, हे तुम्हाला शंभर वेळा सांगून झालं होतं! या साच्यांत तीस वर्षं गेली माझी. मनात आणलं असतं तर तीन दिवसांत नवा कोरा दस्ता घडवला असता. पण मग माझी करणी नव्या लाकडाआड कायमची झाकली गेली असती. जे मी मोडलं तेच मला जोडायचं होतं.

कोणता गोंद वापरायचा, हा माझ्यासाठी प्रश्नच नव्हता. पांढरा गोंद लाकडाला लाकूड घट्ट भिडलं तर उत्तम धरतो, पण फाटलेल्या जागी मधे पोकळी राहते आणि बाराच्या धक्क्याखाली तो हळूहळू सरकतो. थेंबभर टाकला की बोटं चिकटवणारा तो झटपट गोंद खेळण्याला ठीक. सरस, म्हणजे कातडं उकळून केलेला जुना सुतारी गोंद, ताकदीचा खरा, पण त्याला आपल्याकडची पावसाळी ओल सोसत नाही. राहता राहिलं दोन डब्यांतलं रेझिन. दोन्ही सारखं मोजून कालवायचं, पोकळीही भरतं, धक्काही खातं. शॉपमध्ये आम्ही रोज वापरतो. मी तार सोडली, फट उघडून दोन्ही तोंडं पुसली, रेझिन भरलं, क्लॅम्प लावले आणि छाती पुढे काढून घरी गेलो.

दोन दिवसांनी क्लॅम्प सोडून दस्ता बाकावर हलकाच टेकवला, तर दोन तुकडे दोन हातांत! गोंद दुधावरच्या सायीसारखा अख्खा सुटून आला. खालचं लाकूड ओलसर, चकचकीत. तेल, आबा, तेल! दर खंडेनवमीला तेल, पावसाळ्याआधी तेल, थंडी पडली की तेल. पलटणीत शिकलात ते बरं शिकलात, पण लाकडाला किती पाजायचं याला काही माप? दस्त्याच्या त्या अक्रोडाच्या लाकडानं एवढी वर्षं नुसतं पिऊन घेतलंय. त्याला जगातला कोणता गोंद धरेल? मी शॉपमध्ये एकटाच हसत सुटलो आणि मग हसता हसता रडूही आलं.

थिनरनं घासघासून तेल काढत होतो तेव्हा ती दिसली. माझ्या फटीत पांढऱ्या गोंदाचे जुने कण होते, ते मी ओळखले. पण तिथून अर्ध्या बोटावर, तिरकी, केसाएवढी बारीक, गडद तपकिरी रेघ दस्त्याच्या मानेभोवती फिरली होती. मी गरम पाण्यात फडकं बुडवून तिच्या एका टोकावर धरलं. वास आला, ओल्या कातड्याचा. सरस! म्हणजे माझ्याआधीही हा दस्ता कधीतरी मोडला होता आणि कुणीतरी इतका सुबक जोडला होता की जन्मभर लाकडात काम करूनही मला तो जोड दिसला नव्हता. सबंध साताऱ्यात तुम्ही ज्याच्या हातात आपलं लाकूड दिलं असतंत असा एकच माणूस होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि इथं आलो.

चाचा आता फार थकलेत. एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, पण दुकान उघडतात. मी तुमचं नाव सांगितलं तर त्यांनी नुसतं या स्टुलाकडे बोट केलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा बोलणं झालं नसतं.

"चाचा, बंदूक माझ्या हातनं पडली व्हती. आबांना मी सांगितलं न्हाई. तुमचं काम कच्चं नव्हतं."

त्यांनी दस्ता माझ्या हातातून घेतला आणि दारातल्या उजेडात नेला. अंगठ्याचं नख त्या तपकिरी रेघेवरून एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग माझ्या फटीत नख घातलं.

"ह्यो माझा जोड," ते म्हणाले. "ह्यो सुटला न्हाई. बाजूचं लाकूड फाटलंय."

मग मला कळलं, आबा, जे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. आजोबांच्या मागे बंदूक तुमच्या नावावर आली त्याच वर्षी तुम्ही ओढा उतरताना पाय घसरून पडलात आणि दस्ता मानेतून तुटून दोन तुकडे झाला. पिशवीत तुकडे घालून तुम्ही चाचांकडे आलात. पलटणीत इतकी वर्षं रायफल सांभाळली आणि घरच्या ओढ्यात आपटलो हे गावाला कळलं तर लोक हसतील, म्हणून कुणाला सांगणार नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलंत. चाचांनी आजवर ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. हे ऐकून मी तुमच्यावर रागवावं का हसावं, तुम्हीच सांगा. तुमच्या हातून पडली ती तुम्ही लपवलीत, माझ्या हातून पडली ती मी लपवली. आपल्या घराण्याला झालंय तरी काय!

पण त्यामुळे तुमचं ते वाक्य मला एकदम वेगळं ऐकू आलं. तुम्ही बुडाच्या पट्टीबद्दल बोलतच नव्हता. तुम्हाला वाटलं, चाचांचा सरसाचा जोड सुटला. आणि ते तुम्ही त्यांच्या तोंडावर सांगून आलात. दस्ता तार गुंडाळूनच नेला होतात, हातातून खाली ठेवलाही नाहीत, समोर आलेला चहा तसाच सोडून निघालात. एकदा तार सोडून त्यांना दाखवला असतात तर? त्यांनी एका नखात सांगितलं असतं. रागाच्या भरात तुम्ही आम्हाला कधी बोलू दिलं नाहीत, तसंच त्यांनाही दिलं नाहीत. हे मी आज तुम्हाला स्पष्ट सांगतो, कारण माझं पाप मोठं असलं तरी एवढं तुमच्या पदरात पडतंच.

चाचा माझ्याकडे वळले तेव्हा मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एवढी वर्सं मला वाटत व्हतं, माझाच हात चुकला."

त्यांनी वर माळ्याकडे बोट केलं. तिथं पत्र्याच्या डब्यांमागं सरस वितळवायचं भगुणं पालथं घातलेलं होतं, कोळिष्टकांनी भरलेलं. तुम्ही चहा टाकून गेलात त्या दिवसानंतर ते त्यांनी चुलीवर चढवलं नव्हतं. गिऱ्हाइकांना सांगायचे, सरस आता चांगला मिळत नाही. दारं, खिडक्या, देव्हारे, सगळं केलं, पण ज्या कामासाठी लोक त्यांच्याकडे मुद्दाम लांबून यायचे ते जोडकाम त्यांनी सोडून दिलं. मी तुमची मैत्री तोडली एवढंच मला वाटत होतं, आबा. एका कारागिराचा स्वतःच्या हातावरचा भरवसा मी काढून घेतला होता, आणि तोही वीस रुपयांच्या गोंदाच्या बाटलीनं. हातावर जगणारा मीसुद्धा आहे. ते ऐकल्यावर मला तिथं उभं राहवेना.

"बस," ते म्हणाले. "आदी चा पी. तुजा बाप तसाच गेला व्हता."

मला माफ केलं की नाही, हे मी विचारलंही नाही. त्यांनी सरळ कामाला लावलं. चार दिवस आम्ही तुमचं तेल काढत होतो! थिनरनं पुसायचं, खडूची पूड थापायची, उन्हात ठेवायचं, पिवळी पडलेली पूड झटकायची, पुन्हा नवी थापायची. चौथ्या दिवशी पूड पांढरीच राहिली तेव्हा चाचा म्हणाले, आता हे लाकूड झालं, इतके दिवस भजं होतं.

मला वाटलं, ते सरसच वापरायचा हट्ट धरतील. मीही धरू दिला असता. पण त्यांनी स्वतःच नको म्हटलं. सरसाला कोरं लाकूड लागतं आणि कितीही काढलं तरी यात थोडं तेल राहणारच, असं त्यांचं म्हणणं पडलं. माझे रेझिनचे दोन्ही डबे उघडून त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि आधी दस्त्याच्याच निघालेल्या ढलपीवर लावून बघायला लावलं. ढलपी दुसऱ्या दिवशी हातोडीनं फोडली. लाकूड तुटलं, गोंद राहिला. ते पाहून त्यांनी मान डोलावली. मी पाच मिनिटांत आवळणारं रेझिनही आणलं होतं, ते त्यांनी बाजूला सारलं आणि दीड दिवस घेणारं सावकाश रेझिन निवडलं. फटीतून आडवी सागवानी खुंटी घातली, म्हणजे धक्का एकट्या गोंदावर येणार नाही. त्यांचा हात थरथरतो, म्हणून खुंटी मी ठोकली. प्रत्येक ठोक्याला ते "हळू" म्हणत होते. त्यांच्या जुन्या जोडाला आम्ही हात लावला नाही. तो जसा आहे तसा आहे, सरसाचाच.

बाहेर त्यांच्या काठीचा आवाज येतोय, तेव्हा आवरतं घेतो.

आबा, परवा पूजेला चाचा येणार आहेत. आईनं काल रात्री घरी माझ्यासमोरच त्यांना स्वतः फोन करून बोलावलं, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ पदर डोळ्यांना लावून बसली. बंदुकीच्या शेजारी मी त्यांचं सरसाचं भगुणं मांडणार आहे. ते त्यांनी आज सकाळी माळ्यावरून काढायला लावलं आणि स्वतः राखेनं घासलं. पूजेला मांडू का विचारलं, तर म्हणाले, "मांड की. पर सांजच्याला परत दे, मला लागंल."

तुम्हाला शब्द देतो. या वर्षी झेंडूची माळ दस्त्याच्या मानेवर घालणार नाही, नळीवर घालीन. मान उघडी राहील, दोन्ही रेघा सगळ्यांना दिसतील. भाऊकी जमेल तेव्हा तुम्ही बसायचात तिथं चाचांना बसवीन आणि सगळ्यांदेखत सांगीन: ही जाड रेघ माझी. आणि ही बारीक रेघ रज्जाकचाचांची, ती कधीच सुटली नव्हती. ओढ्यात तुम्ही पडलात तेही सांगणार. हसू दे गावाला! आणि दस्त्याला तेलाचं एक बोटही लावणार नाही.

तुमचा,
सुभाष